थेंबभर सॅम्पलचं तापमान मोजायला अपकन्व्हर्जन नॅनोपार्टिकल्स, घ्यावेत का?

थेंबभर सॅम्पलमध्ये थर्मोकपल (तापमान मोजायची तार) घालायला जागाच नसते, म्हणून लॅबसाठी हे अपकन्व्हर्जन कण, म्हणजे न दिसणारा प्रकाश घेऊन दिसणारा बाहेर टाकणारे, मागवले, पाण्यातलं तयार सस्पेन्शन, अंधेरीच्या एका डीलरकडून. सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे कण, आत यटर्बियम आणि अर्बियम. माल एक नंबर, पण सोबतचा कागद अगदीच कामचलाऊ.

९८० नॅनोमीटरचा लेझर मारला की आत जाणारा प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि बाहेर येतो तो हिरवा, अंधारात क्युव्हेटमध्ये (सॅम्पल ठेवायची छोटी पारदर्शक नळी) आरपार बारीक हिरवी रेघ, पहिल्यांदा बघायला सगळी लॅब गोळा झाली होती. सॅम्पलमध्ये पेशी असल्या तरी या लेझरला त्या स्वतः चमकत नाहीत, त्यामुळे बॅकग्राउंडचा नको तो प्रकाश जवळपास शून्य. आणि मोजायची पद्धत तर मला फारच आवडली, म्हणजे ५२५ आणि ५४५ नॅनोमीटरच्या आसपास दोन हिरवे पट्टे येतात, तापमान वाढलं की ५२५ वाला दुसऱ्याच्या मानाने वर चढतो, आपण फक्त दोघांचा रेशो घ्यायचा, मग कण थोडे कमीजास्त पडले तरी आकडा बिघडत नाही. रूम टेंपरेचरला एका डिग्रीमागे रेशो साधारण १ टक्का बदलतो.

आता कागदावर जे असायलाच हवं होतं ते. पाणी स्वतःच ९८० चा प्रकाश शोषून घेतं, लेझर वाढवला की सॅम्पल तापतं आणि तुम्ही लेझरचीच उष्णता मोजत बसता, तेव्हा पॉवर कमी ठेवा आणि ती बदलून रेशो हलतो का बघा. निओडिमियमवाले कण ८०८ नॅनोमीटरच्या लेझरवर चालतात, त्यात हा त्रास बराच कमी, पाण्यातलंच काम असेल तर आधी ते विचारा. फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) फार पातळ करून ठेवू नका, कण हळूहळू विरघळतात. आणि न दिसणाऱ्या लेझरला गॉगल लागतोच, त्याबद्दल एक ओळ नाही याचा मला खरंच राग आला, एमएस्सीची पोरं हाताळतात हे सगळं!

पीएच मोजायचा असेल तर नुसते हे घेऊन उपयोग नाही, वर पीएचनुसार बदलणारा डाय बसवावा लागतो. तापमानासाठी बिनधास्त घ्या, ४ स्टार. फक्त कॅलिब्रेशन स्वतःच्याच बफरमध्ये, वॉटर बाथ लावून करा, आणि बाटली उघडली की आधी सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी ढवळणारं यंत्र) धरा, तळाशी बसलेलं असतं.