8×42 दुर्बीण : नवेगावबांधच्या तलावावर आणि घरच्या छपरीत

पक्षी पाहण्यासाठी दुर्बीण घ्यायला मी नागपूरला गेलो, तेव्हा दुकानदाराने सर्वांत आधी 12 पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुढे केली. मी 8×42 घेतली. दसऱ्यापासून ती रोज वापरल्यावर निवड योग्य ठरली, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तिच्यात एक दोष निघाला, तो पुढे सांगतोच. पण एका नगावरून कंपनीला नावे ठेवणे बरोबर नाही, म्हणून कंपनीचे नाव येथे देत नाही.

या आकड्यांपैकी 8 म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसेल ते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. 42 ला 8 ने भागले की 5.25 येतात, दुर्बिणीतून डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची ही मिलिमीटरमधील रुंदी होय. 10×42 मध्ये ती 4.2 भरते. दुपारच्या उन्हात हा फरक जाणवत नाही, मात्र सूर्योदयाआधी, डोळ्याची बाहुली अंधारामुळे मोठी झालेली असताना, तो चांगलाच जाणवतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे मित्र गोंदिया जिल्ह्यातील नवेगावबांधला गेलो. तलावावर धुके होते आणि काठच्या बेशरमीच्या झुडपांपलीकडे फक्त वारकरी या काळ्या पाणपक्ष्यांचे ठिपके दिसत होते. मित्राच्या 10×42 मधून ते ठिपकेच राहिले. माझ्या दुर्बिणीतून त्यांच्या कपाळावरचा पांढरा टिळा दिसू लागला. शिवाय मोठेपणा वाढला की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि तिपाईशिवाय उभ्याने पाहणाऱ्याला तो फार त्रास देतो. मित्राला दर वेळी झाडाच्या खोडाला टेकावे लागत होते.

खरी परीक्षा कमळपक्ष्यांनी घेतली. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपूट विणीचा हंगाम संपल्यावर गळून गेलेली असते, त्यामुळे शरदात तो सहज ओळखू येत नाही. पानांवरून चालणाऱ्या एका पक्ष्याकडे मी बराच वेळ पाहत राहिलो, तेव्हा त्याच्या मानेच्या बाजूने उतरलेली काळी रेघ आणि तिला लागून असलेली फिकट पिवळी छटा स्पष्ट दिसली; तो उडाला तेव्हा पांढऱ्या पंखांनी शंका उरू दिली नाही. शेजारीच कांस्य कमळपक्षी होता, त्याची रुंद पांढरी भुवई पहिल्याच नजरेत भरली.

परतताना गोंदियाजवळ परसवाड्याच्या बाजूला धानाच्या बांधीत सारसाची जोडी दिसली. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत, म्हणून आम्ही गाडी रस्त्यावरच ठेवली आणि एकही धुरा ओलांडला नाही. डोक्यापासून मानेच्या वरच्या भागापर्यंतचा लाल रंग आणि लालसर पाय तेवढ्या अंतरावरूनही नीट पाहता आले. दुर्बिणीचा याहून मोठा उपयोग मला सांगता येणार नाही.

दुर्बीण विकत घेणाऱ्यांनी उजव्या डोळ्याकडचे फिरते कडे दुर्लक्षू नये. दुकानात मला याविषयी कुणी काही सांगितले नाही आणि पहिले दोन दिवस माझे डोके दुखले. उजवे भिंग हाताने झाकून मधल्या चाकाने दूरची वस्तू डाव्या डोळ्यासाठी स्पष्ट करावी, मग डावे भिंग झाकून तीच वस्तू उजव्या डोळ्याने पाहत फक्त हे कडे फिरवावे. दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक एकदा असा जुळला, की पुढे मधल्या चाकानेच काम भागते. चष्मा वापरणाऱ्यांनी डोळ्यांकडची रबरी वाटी आत फिरवून चष्म्यासह पाहून घ्यावे. पूर्ण गोल दिसला नाही, तर ती दुर्बीण घेऊ नये.

घरी आल्यावर मात्र वेगळाच गुण कळला. ही दुर्बीण सुमारे दोन मीटरवरची वस्तूही स्पष्ट दाखवते. आमच्या छपरीसमोरच्या जास्वंदीवर येणारे पिवळट शिंजीर मी इतकी वर्षे माद्याच समजत होतो. परवा त्यातल्या एकाच्या हनुवटीपासून पोटापर्यंत गेलेला गडद, निळसर पट्टा दिसला आणि तो विणीनंतर रंग उतरलेला जांभळा शिंजीर नर असल्याचे लक्षात आले. रोजच्या अंगणातला पक्षी मला पहिल्यांदा नीट कळला, याचा आनंद नवेगावबांधच्या आनंदाहून कमी नाही. कापसाच्या वावरातल्या तारेवर बसलेला नीलपंखही आता निरखून पाहता येतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानणाऱ्या आमच्या आईलाही मी तो दाखवला.

आता दोष. सोबत मिळालेल्या पट्ट्याची प्लास्टिकची कडी तिसऱ्या आठवड्यात तुटली. दुर्बीण हातात होती म्हणून वाचली. गावच्या मोच्याकडून रुंद सुती पट्टा शिवून घेतला. तिचे वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास असल्याने दोन तासांनी मान अवघडते, ती या पट्ट्याने अवघडत नाही. साडेआठ हजार रुपयांच्या वस्तूला इतका कच्चा पट्टा देणे मला पटलेले नाही, तेव्हा ही दुर्बीण घेणाऱ्याने पट्टा त्याच दिवशी बदलावा.