एनएमएमएस शिष्यवृत्ती: चार वर्षांचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

मुलगी यंदा बारावीला गेली, म्हणजे आमचं एनएमएमएसचं (नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप) शेवटचं वर्ष, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू, कारण आमच्या गल्लीत अजून अर्ध्या लोकांना ही पाचवी-आठवीची स्कॉलरशिप परीक्षाच वाटते. ती वेगळी हो. ही केंद्र सरकारची, आठवीत परीक्षा, पोरगं निवडलं गेलं की नववी ते बारावी महिन्याला १००० म्हणजे वर्षाचे १२०००, थेट मुलाच्या खात्यात.

मला ही योजना आवडली ती एका कारणासाठी, ती बरोब्बर अडचणीच्या वेळी सुरू होते. आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी शाळेत, खर्च असा जाणवतच नाही. नववीला हायस्कूलला टाकली आणि पहिल्याच आठवड्यात पुस्तकांची यादी हातात, वर वह्या, प्रॅक्टिकलची जर्नल, गणवेश, क्लास लावायचा का नाही ते वेगळंच. एसटीचा पास मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट म्हणून तेवढं तरी वाचलं. आमच्याकडे शेजारच्या दोन मुली आठवीनंतर घरीच बसल्या, त्यामुळे वर्षाचे १२००० हा आकडा मला लहान वाटत नाही.

परीक्षेचं थोडक्यात सांगते, बौद्धिक क्षमतेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, दोन्हीला दीड-दीड तास. सातवीत ५५ टक्के पाहिजेत, उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत, आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित पाहिजे, विनाअनुदानित चालत नाही. फॉर्म शाळेतूनच भरतात. तयारीला जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, आमच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सुद्धा रोज एक सोडवून घेतली, त्यांचे उपकार आहेत.

आता एक स्टार का कापला. पहिल्या वर्षी पैसे आलेच नाहीत. शाळेत विचारलं तर अर्ज मंजूर. बँकेत गेले तर काउंटरवर सांगितलं 'आधार लिंक आहे ताई, वरूनच आले नाहीत'. तीन चकरा, तीनदा दुकान बंद ठेवलं, मी शिवणकाम करते, लग्नसराईचे दिवस होते. शेवटी सायबर कॅफेतल्या मुलाने आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत पडतात ते, उघडलं, तर तिथं दुसऱ्याच बँकेचं नाव! पोरगी दुसरीत असताना गणवेशाच्या पैशासाठी उघडलेलं खातं. ट्रंकेत साड्यांच्या खाली ते पासबुक सापडलं, कोपरे कुरतडलेले, त्यात शेवटची एन्ट्री दोन आकडी रकमेची. केवायसी करून एन्ट्री मारून घेतली आणि मशिनमधून पान बाहेर आलं तर खाली १२०००, चार महिन्यांपूर्वीच जमा झालेले. मी तिथंच बाकावर बसले.

म्हणून सांगते, खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात पडतात ते सीडिंग वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेला असतं. हे बँकेतल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं, त्याला माहीत नसेल तर माहीत करून द्यायला पाहिजे.

दुसरं म्हणजे पैसे लागतात जूनमध्ये आणि आमच्याकडे दरवर्षी वर्ष सरत आल्यावरच आले, त्यामुळे जूनची उसनवारी काही चुकली नाही. आणि रक्कम २०१७ पासून तेवढीच आहे, वह्यांचे भाव मात्र कुठल्या कुठे गेले, ती वाढवायलाच पाहिजे.

नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर रिन्यूअल दरवर्षी भरावं लागतं, निवड झाली म्हणून आपोआप मिळत नाही. दहावीला ६० टक्के पाहिजेत नाहीतर अकरावीपासून बंद, एससी एसटीला ५५. नाव आधारवर जसं आहे तसंच शाळेच्या रजिस्टरला आहे का ते आठवीतच बघून घ्या, आमचं एका वेलांटीवरून अडलं होतं.

ज्यांचं पोरगं यंदा सातवीत आहे त्यांनी आत्ताच वर्गशिक्षकांना गाठा, आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सेतूत उभं राहायला जागा नसते.