नोकरीतली गॅप झाकायची की सांगायची?

नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीतली आयटीची नोकरी सोडून कॅनडात गेलेल्यांच्या रेझ्युमेत दोन तऱ्हा दिसतात. एक, महिने गाळून नुसती वर्षं: ‘2022–2024’. गॅप दिसत नाही खरी, पण पडताळणीत रिलीव्हिंग लेटरवरची (जुन्या कंपनीने नोकरी सोडताना दिलेल्या पत्रावरची) तारीख समोर आली की उत्तर देताना तारांबळ उडते. दुसरी, सरळ एक ओळ: ‘मार्च ते ऑक्टोबर 2024, स्थलांतर, याच काळात एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट पूर्ण’ (हे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचं सर्टिफिकेट). मला हीच पटते, कारण रिकामे महिने कुठे गेले हे सर्टिफिकेटच सांगतं. एडब्ल्यूएसचं हे सर्टिफिकेट 3 वर्षं चालतं, सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट सीसीएनएही तेवढंच. म्हणून मुदतीची तारीख आणि पडताळणीची लिंक द्याच. फोटो, जन्मतारीख मात्र तिकडे कुठल्याच रेझ्युमेत नको.