सोलापूरच्या काळ्या रानात बडीशेप: शेणखत, युरिया की दोन्ही?

कांदा-ज्वारीच्या रानात रब्बीला बडीशेप घालायची, तर खताचं गणित पेरणीच्या आधीच मांडलेलं बरं. माझं मत आधीच सांगतो: दोन्ही द्या. पण शेणखत टाकलं म्हणून युरिया निम्मा केला, असं पहिल्या वर्षी करू नका.

या पिकाला साधारण हेक्टरी ९० किलो नत्र (नायट्रोजन) आणि ४० किलो स्फुरद (फॉस्फरस) धरतात, म्हणजे एकरी ३६ आणि १६. नुसत्या युरियाने भागवायचं तर ७८ किलो, दोन गोण्यांच्याही आत. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणून ३६ किलोला कागदावर सव्वासात टन लागतं. त्यातलं पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी लागतं ते तिसऱ्या हिश्श्याएवढं. हिशोब वीस टनांच्या वर जातो. एवढं खत कुणाच्या उकिरड्यावर आहे?

मग शेणखत कशाला? आपलं रान चुनखडीचं, सेंद्रिय कर्ब कमी. दिलेलं स्फुरद चुन्याला धरून बसतं, लोह आणि जस्त असून मिळत नाही. सुपर फॉस्फेट कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत दिलं की ते कमी अडकतं. एकरी दोन गोण्या सुपर फॉस्फेटमध्ये १६ किलो स्फुरद भागतं, वर गंधक मिळतं ते वेगळंच. डीएपी या नत्र-स्फुरदाच्या दुसऱ्या खतात ते गंधक नाही, म्हणून इथे मी सुपरच घेईन. पाण्याच्या दोन पाळ्यांत अंतर पडलं, तरी खतावलेल्या रानात ओल जरा जास्त टिकते.

कच्चं शेणखत मात्र नकोच. बडीशेप उगवायलाच दहा-बारा दिवस घेते. तोवर खतातून आलेलं तण पुढे निघून जातं, शिवाय वाळवी. मुरलेलं खत हाताला गार लागतं, वास मातीचा येतो. उन्हाळ्यात मेंढ्या बसवायची सोय असेल तर सोन्याहून पिवळं, लेंडी शेणखतापेक्षा कसदार आणि वाहतूक शून्य. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, स्वस्त पडते, पण ताजी मळी तापते, कुजवूनच वापरा. गांडूळखत चांगलं, पण विकत घेऊन एकरभर टाकायचं तर खिसा बघा.

युरियाचा धोका उलट बाजूचा. एकदम दिला की झाड पाल्याला जातं, लोळतं, आणि मावा येतो. फुलांच्या छत्रीसारख्या गुच्छात बोटं घातली की चिकट लागलं, म्हणजे मावा आधीच बसलाय. चुनखडीच्या रानात वर फेकलेला युरिया हवेत उडतो तो वेगळाच; ओलीवर द्या आणि मातीआड करा.

माझी जुळणी अशी: एकरी ४ टन मुरलेलं शेणखत, दोन गोण्या सुपर, आणि युरिया ६० किलोच्या आसपास. तो तीन हप्त्यांत: पेरणीला, महिन्याने, आणि फुलोऱ्याच्या आधी. माती परीक्षणात पालाश (पोटॅश) भरपूर निघालं, आपल्याकडे बहुधा निघतंच, तर पोटॅशचा खर्च वाचवा. दरवर्षी खतावत गेलात तर दोन-तीन वर्षांनी युरिया आणखी खाली आणता येतो.

पूर्ण सेंद्रिय करायचं असेल तर आधी गिऱ्हाईक पक्कं करा. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकाला पेरणीआधी साधारण दोन वर्षं रूपांतराची, म्हणजे रान रासायनिकवरून सेंद्रियवर आणण्याची, जातात, आणि तोवर माल साध्याच भावाने विकावा लागतो.