हार्लेमचं कॉरी टेन बूम म्युझियम – जावं का? हो!

कॉरी टेन बूम म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यूंना आपल्या घरात लपवणारी डच ख्रिश्चन बाई, आणि हे म्युझियम म्हणजे तिचंच घर. ॲमस्टरडॅमला येणार असाल तर हे चुकवू नका, ट्रेननी १५-२० मिनिटांवर आहे. खाली घड्याळांचं दुकान, वर घर, आणि कॉरीच्या बेडरूममध्ये खोटी भिंत, तिच्यामागे १९४४ च्या नाझी धाडीत सहा जण लपून वाचले. टेन बूम कुटुंब मात्र पकडलं गेलं, म्हातारे वडील अटकेनंतर १० दिवसांत वारले आणि बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत, जिथे कॉरीही कैदेत होती.

पण मला खरं भिडलं ते पुढचं. १९४७ ला म्युनिकमध्ये कॉरी क्षमेवरच बोलून थांबली आणि समोर त्याच छावणीतला गार्ड, हात पुढे करून माफी मागतोय! हिचा हातच उचलेना, मनात प्रार्थना केली तेव्हा कुठे दिला. सत्तर वेळा सात क्षमा करा हे लहानपणापासून चर्चमध्ये ऐकतोय पण ते इतकं जड असतं हे कोण सांगतं हो? आणि माफ करणं म्हणजे झालं ते चालवून घेणं नव्हे, हेही.

टूर इंग्लिशमध्येपण असते, ग्रुप छोटे, त्यामुळे ऑनलाइन बुकिंग आधीच करा. जिने अरुंद नि उभे आहेत, आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर विचार करून न्या.