टाकीतली पैदास की समुद्रातली 'हॉटेलं'?

सिडनी परिसरातला व्हाइट्स समुद्रघोडा २०१७ पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहे. त्याला वाचवायला तिथे दोन वाटा चोखाळल्या गेल्या.

पहिली, मत्स्यालयातली पैदास. पिल्लं नराच्याच पिशवीत वाढतात (बाळंतपण बाबांकडे!), त्यामुळे जोडी जमली की एका विणीत डझनावारी पिल्लं मिळतात. खरा घोर पुढे असतो. या माशाला दात नाहीत, पोट नाही; खाल्लेलं झटपट पुढे सरकतं, म्हणून पिल्लांना दिवसातून अनेकदा जिवंत, अतिसूक्ष्म खाद्य द्यावं लागतं. पाणी जरा बिघडलं की सगळा घाणाच वाया. पण समुद्रात बहुतेक पिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच कुणाच्या तरी तोंडी जातात, तो धोका टाकीत टळतो.

दुसरी वाट म्हणजे लोखंडी जाळीचे पिंजरे समुद्रतळावर ठेवणं, म्हणजेच 'सीहॉर्स हॉटेल'. टाकून दिलेल्या खेकड्यांच्या सापळ्यांत समुद्रघोडे राहताना दिसले, त्यातून ही कल्पना सुचली. जाळीवर शेवाळ, स्पंज वाढतात, बारीक कोळंबीसारखे जीव येतात, शेपूट गुंडाळायला आधार मिळतो. पुढे लोखंड गंजून जातं, वाढलेली वसाहत उरते. रोजची देखभालही जवळजवळ नाही.

एकच निवडायची तर मी हॉटेल निवडेन. घरच नसेल तर पिल्लं सोडायची कुठे? सिडनीतही २०२० मध्ये चाउडर बे इथे टाकीत वाढवलेली पिल्लं सोडली, त्यांतली काही या हॉटेलांवर.