पीटर ब्लाउ यांची जुनी प्रत: घ्यावी का?

हुतात्मा चौकातील पदपथावर २५० रुपयांना मिळालेली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाउ यांच्या १९६४ मधील 'एक्स्चेंज अँड पॉवर इन सोशल लाइफ' या ग्रंथाची प्रत बांधणीत खिळखिळी असली, तरी मजकूर शाबूत आहे. कचेरीत सहकाऱ्याचा सल्ला घेणारा त्याला मान देतो, स्वतःकडे कमीपणा घेतो आणि फेडता न येणाऱ्या अशा उपकारांतूनच सत्ता उभी राहते, ही मांडणी मंत्रालयात फाइल घेऊन फिरलेल्या कोणालाही पटावी. संघटनांमधील विश्वास व निष्ठा यांवरील संशोधनात तिचा आधार आजही घेतला जातो. उत्तरार्ध मात्र रुक्ष आहे; स्वतः ब्लाउही पुढे समाजरचनेच्या संख्यात्मक अभ्यासाकडे वळले. विकत घेताना सूचीची पाने तेवढी तपासावीत. माझ्या प्रतीतली गळालेली आहेत.